धीरांक चौतीस

माझ्या नातीला धीर नाही, हे मला एका पट्ट्याने सांगितलं. मनगटावर बांधायचा रबरी पट्टा, घड्याळाएवढा. त्याने वर्षभर माझ्या त्रिशलाची नाडी चाचपली आणि दहावीच्या तोंडावर शाळेतून कागद आला: धीरांक चौतीस. खाली लाल अक्षरांत, 'विद्यार्थिनी राखण योजनेस पात्र'.

पात्र म्हणे. जसा काही सत्कारच होता.

मी तिसरी शिकलेय. पण कागद वाचता येतो, आणि कागद लिहिणारं माणूसही वाचता येतं. सांगलीच्या हळद बाजारात राजमती चौगुले या नावाने माझी अडत आहे. शेतकऱ्याची हळद माझ्या दुकानात उतरते, मी ती व्यापाऱ्याला विकून देते आणि माझी दलाली घेते. चाळीस वर्षं हे करतेय. सगळा बाजार मला आक्का म्हणतो, घरातलेही तेच म्हणतात. कागद घेतला आणि तशीच शाळेत गेले. रिक्षा बिनचालकाची होती, त्यामुळे वाटेत कुणाशी भांडताही आलं नाही.

मोमीन सर नववी-दहावीला 'जग आणि पैसा' हा विषय शिकवतात. विषय मला मनापासून आवडायचा, खोटं कशाला बोलू. आमच्या वेळी गणितात नळ हौद भरायचे आणि पैशाबद्दल कुणी अक्षर काढायचं नाही. त्रिशला मात्र घरी येऊन मला सांगायची, तिकडे समुद्रात जहाजं अडली की आपल्या हळदीचं भाडं का चढतं, अमेरिकेत व्याज वाढलं की इथे रुपया का उतरतो, आणि रुपया उतरला की बाहेर माल पाठवणारा मनातल्या मनात का हसतो. वर्गात प्रत्येकाला पडद्यावर एक देश मिळायचा, एक घर, एक पगार. मग तिथे लढाई व्हायची, पीक बुडायचं, कारखाना बंद पडायचा, आणि पोरांनी ते घर चालवून दाखवायचं. हिच्या वाट्याला केनियातली एक शिवणकाम करणारी बाई आली होती. तीन महिने ही पोरगी त्या बाईच्या विम्याची काळजी करत जेवत होती.

विषय चांगला, मास्तर चांगला. पट्टा कुठून उपटला, ते विचारायला मी गेले होते.

"बसा, आक्का," मोमीन सर म्हणाले.

"बसायला नाही आले. माझ्या नातीला धीर नाही हे तुम्ही मोजलंत?"

"मी फक्त शिकवतो. मोजतं ते मंडळ."

मग त्यांनी मला समजावलं. माणूस चांगला, उगाच मोठे शब्द वापरत नाही. म्हणाले, "समजा मी विचारलं, आज शंभर घेता की वर्षाने दीडशे? काही माणसं आज घेतात, काही थांबतात. उशिरा मिळणारा पैसा आपल्याला लहान दिसतो. किती लहान दिसतो, ते प्रत्येकाचं वेगळं असतं आणि सहसा बदलत नाही. पण तोंडी विचारलं तर मुलं शहाण्यासारखं उत्तर देतात. पाठ केलेलं. म्हणून यंत्र उत्तर तपासतच नाही. उत्तराच्या आधीची घाई तपासतं."

"ती कशी दिसते?"

"हात हलायच्या आधी मन हलतं. मन हललं की डोळ्यातली बाहुली रुंदावते, तळव्याला किंचित घाम येतो, नाडी बदलते. पडद्यातला कॅमेरा डोळा बघतो, पट्टा बाकीचं बघतो. अकरा लाख मुलांवर बारा वर्षं नजर ठेवून यंत्र शिकलंय. कुणाची नाडी पंधराव्या वर्षी कशी होती आणि पंचविसाव्या वर्षी त्यांनी पैशाचं काय केलं, हे दोन्ही त्याच्यापुढे आहे. त्यावरून ते अंक काढतं."

"आणि चाळीसच्या खाली आलं की?"

"राखण. पंचविसाव्या वर्षापर्यंत तिची कमाई राखणखात्यात जमा होणार. खर्चाला यंत्र मंजुरी देणार."

"म्हणजे चप्पल घ्यायची झाली तरी यंत्र विचारणार, आत्ताच कशाला?"

सर हसले नाहीत. "आक्का, त्यात वाईट हेतू नाही. माझा धाकटा भाऊ ऑनलाइन जुगारात गेला. त्याच्या वेळी राखण असती तर…" मी ताणलं नाही. पण कागद त्यांच्या टेबलावर ठेवला नाही, परत पिशवीत घातला.

तो जुगाराचा भाऊ वेगळा आणि माझी त्रिशला वेगळी. आणि राखण म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. लग्न होऊन आले तेव्हा घरचा पैसा थोरल्या दिरांच्या हातात होता. नऊ वर्षं मी बांगड्यांना पैसे मागून घेतले. माणूस वाईट नव्हता. दर वेळी हसून द्यायचे, आणि दर वेळी विचारायचे, "मागच्या फुटल्या का?" नवरा गेला, दीर थकले, दुकान बुडायला लागलं, तेव्हा मी बाजारात उभी राहिले आणि रुमालाखाली हात घातला.

आमच्याकडे सौदा बोलून होत नसे. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एका रुमालाखाली हात घालायचे आणि बोटांनी भाव सांगायचा. एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच ठाऊक. आता सगळे सौदे पडद्यावर होतात, पण जुने चार-पाच व्यापारी अजून माझ्याशी रुमालाखालीच बोलतात. त्रिशला सहा वर्षांची असल्यापासून मी तिला हे शिकवलं. शेंगदाण्यांवर, गोट्यांवर, दिवाळीच्या चकल्यांवर आम्ही सौदे करायचो.

घरी आले तर भूपालने, माझ्या मुलाने, आधीच तोड काढलेली. विश्रामबागला धीरांकाचा क्लास निघालाय. सहा आठवडे, फेरतपासणीत साठ आणून देण्याची हमी.

"काय शिकवतात तिथं?" मी विचारलं.

"श्वास, आक्का. आणि थांबणं. कुठल्याही गोष्टीला हात लावायच्या आधी मनात सात आकडे मोजायचे."

"आणि नाडी?"

"नाडीसाठी गोळी आहे. डॉक्टरच देतो, तसली नाही."

"भूपाल, पोरगी पंधरा वर्षांची आहे!"

"मग काय करू? पंचविशीपर्यंत यंत्रापुढे हात पसरू देऊ तिला? तू बाजारात भांडशील, आक्का. यंत्राशी कसं भांडणार?"

त्याचंही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्रिशला क्लासला जायला लागली.

आठ दिवसांनी जेवताना बघितलं. सुनेने आमटी वाढली. त्रिशलाने हात पुढे केला आणि वाटीच्या अलीकडे थांबली. ओठ हलत होते. सातपर्यंत मोजून तिने वाटी उचलली. भाकरीला तेच. पाण्याच्या तांब्याला तेच. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, पोरगी घोट घ्यायच्या आधी परवानगी मागत होती, आणि तीही स्वतःचीच.

"बास," मी म्हणाले. "त्या क्लासवाल्याने तुझी चूक काय सांगितली, ते मला दाखव."

तिने मोबाइलवर उघडून दाखवलं. मंडळाने क्लासला पाठवलेला तपशील होता. मी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. 'प्रश्न पूर्ण होण्याआधी निर्णय.' 'चेहरा स्थिर, नाडी जलद.' 'आवेग लपवण्याची जुनी सवय. धोका अधिक.'

माझं बोट तिथेच राहिलं.

रुमालाखाली समोरच्याची बोटं पुरती आवळायच्या आधी भाव ओळखायचा, हे मी शिकवलं. छाती धडधडली तरी चेहरा हलू द्यायचा नाही, हे मी शिकवलं. चकली हरली की रडायला यायचं तिला, आणि मी म्हणायची, तोंडावर दाखवलंस की पुढची पण गेली. नऊ वर्षं मी या पोरीला घडवलं आणि यंत्राने त्याला रोग म्हटलं.

"म्हणजे हे माझं आहे," मी म्हणाले.

"मला माहीत होतं," त्रिशला म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू चिडली असतीस."

"आता काय नाचतेय का मी?"

ती हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा, मोजल्याशिवाय.

पुढच्या शनिवारी शाळेत पालकांची सभा होती. मंडळाचे निरीक्षक आले होते, खोत नावाचे. तिशीतला पोरगा, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला छान चामडी बॅग. चाळीसच्या खालची एकोणीस मुलं होती आणि त्यांचे आईबाप. हातगाडीवाले, गवंडी, एक नर्सबाई, ज्यांच्या घरात पैसा कधी येतो आणि कधी येत नाही अशी माणसं. ज्याला उद्याचा भरवसा नाही तो आज घेणारच, एवढं कळायला पट्टा कशाला लागतो, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

खोतांनी गोड आवाजात राखणीचे फायदे सांगितले. स्वतःचा धीरांक शहाऐंशी असल्याचंही ओघात सांगितलं. मग म्हणाले, "काही शंका?"

मी उठले. "मला बांधा तो पट्टा."

"आजी, ही चाचणी विद्यार्थ्यांसाठी…"

"आजी तुमच्या घरी. इथं मला आक्का म्हणतात. बांधा."

लोक हसले, त्यामुळे त्यांना बांधावा लागला. वीस मिनिटं मी त्या पडद्यापुढे बसले. आज इतके की उद्या तितके, विमा की सोनं, जहाज की गोदाम. शेवटी अंक आला. बावीस.

सभागृहात जो हशा झाला तो मी दोन्ही हातांनी थांबवला.

"हरिपूरला माझी चार पेवं आहेत," मी म्हणाले. "जमिनीखालचे खड्डे, माणूस उभा राहील एवढे खोल. त्यात हळद भरतात आणि वरून माती लावून बंद करतात. माझ्या एका पेवात तीन वर्षं हळद पडून होती. रोज भाव ऐकायची आणि रोज घरी यायची. भोवतीच्या सगळ्यांनी माल काढला, मला वेडी म्हणाले. चौथ्या वर्षी भाव चढला, तेव्हा उघडलं. तुमच्या शहाऐंशीतल्या कुणी तीन वर्षं जमिनीखाली काही ठेवलंय का, खोत?"

"ते कौतुकाचंच आहे, आक्का. पण यंत्र सवय मोजतं, एखादी घटना नाही."

"मग सवय बघा. त्रिशला, ये इकडे. मोमीन सर, तुमचा मोठा रुमाल द्या. खोत, तुमची ही बॅग विकायची. कमीत कमी कितीला, ते चिठ्ठीवर लिहून सरांकडे द्या."

ते तरुण होते, हौशी होते, शिवाय लोक बघत होते. लिहिलं. मी दोघांचे हात रुमालाखाली घातले. पट्टे दोघांच्या दुसऱ्या मनगटांवर, आकडे भिंतीवरच्या पडद्यावर. कोणतं बोट म्हणजे काय ते खोतांना सांगितलं.

त्रिशलाने एकदाच काहीतरी धरलं आणि मग हात तसाच ठेवला. पडद्यावर तिची नाडी एकशे अठरा. चेहरा भिंतीसारखा. मिनिट गेलं. खोतांनी बोटं हलवली, ती हलली नाही. ते हसले, घसा खाकरला, पुन्हा हलवली. दुसरं मिनिट गेलं. कुणाचं तरी बाळ रडलं आणि थांबलं. चौथ्या मिनिटाला खोतांनी हात बाहेर काढला आणि म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, दिली."

"किती?" सर्वांनी विचारलं.

"पंधराशे," त्रिशला म्हणाली.

मोमीन सरांनी चिठ्ठी उघडली. दोन हजार.

काय गदारोळ झाला! नर्सबाई बाकावर उभ्या राहिल्या. मी पिशवीतून पंधराशे काढून मोजून दिले आणि बॅग घेतली. खोतांनी आतले कागद काढून छातीशी धरले. बिचारे लाल झाले होते, पण शब्द फिरवला नाही, तेवढं त्यांच्या बाजूने सांगते. आणि हेही सांगते, की पडद्यावर त्रिशलाचा अंक वाढला नाही. चौतीसचा एकतीस झाला.

"एका मुलीवरून यंत्र चुकीचं ठरत नाही, आक्का," खोत शांतपणे म्हणाले. "लाखात बघितलं तर ते बरोबर आहे."

"लाख तुमच्याकडे असतील. माझ्याकडे ही एकच आहे."

त्यांनी फॉर्म पुढे केला. अंक मान्य असेल तर सही, नको असेल तर दुसऱ्या रकान्यात सही. नको म्हटलं की मूल निरंक. निरंक मुलाला फीची सवलत नाही, मंडळाच्या यादीतल्या बँकेत खातं नाही, पंचविशीपर्यंत प्रत्येक दारात प्रश्न. विद्यार्थी आणि पालक दोघांच्या सह्या लागतात. शाळेत पालक म्हणून माझं नाव आहे. भूपाल मागून म्हणाला, "आक्का, जरा विचार कर." मी पेन उघडलं.

"थांब," त्रिशला म्हणाली.

"काय थांब? नको म्हणायचंय ना?"

"म्हणायचंय. पण अंक माझा आहे. आधी मला बोलू दे." तिने माझ्याकडे बघितलं. तो भिंतीसारखा चेहरा आता नव्हता. "माझी दोन वर्षांची शिष्यवृत्ती कुठे आहे, आक्का? निबंधाचं बक्षीस? मामाने दिलेले? उन्हाळ्यात दुकानात बसले त्याचे?"

"कपाटात. तुझ्याच नावाने वेगळे ठेवलेत. एक रुपया हलला नाही."

"हलवायचा झाला तर कुणाला विचारायचं?"

मी पेनाचं टोपण लावलं.

"यंत्र पंचविसाव्या वर्षी सोडणार आहे. तू कधी सोडणार? बाबा अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत. त्यांना अजून पेट्रोलला तुला विचारावं लागतं."

भूपाल खाली बघत होता. आयुष्यात मला चारचौघांत असं कुणी बोललेलं नाही, आणि बोललं असतं तर ते चालत घरी गेलं नसतं. तोंडात तीन उत्तरं तयार होती, एकाहून एक जहरी. पण दिरांचा आवाज कानात आला. मागच्या फुटल्या का? हसून, प्रेमाने. मी भूपालला पेट्रोलचे देताना काय विचारते ते मला आठवलं. परवाच भरलं होतंस ना?

"किती आहेत, माहीत आहे का तुला?" मी विचारलं.

"एकसष्ट हजार चारशे."

"चुकलीस. एकसष्ट हजार सहाशे. मामाच्या पाकिटात दोन नोटा चिकटल्या होत्या." मी पेन तिच्या हातात दिलं. "आज संध्याकाळी तुझ्या हातात देते. कशाला हवेत ते विचारणार नाही. तू आधी सही कर. मी तुझ्याखाली करते."

तिने दुसऱ्या रकान्यात सही केली. खाली मी, राजमती, जोडाक्षर नसल्याने एका दमात. आमच्या मागून त्या दिवशी आणखी दहा मुलांच्या सह्या झाल्या. आठ आईबापांनी राखण मान्य केली. मी त्यांना बोल लावला नाही. प्रत्येकाला आपलं घर माहीत.

संध्याकाळी पैसे दिले. भूपालला दुकानाच्या खात्याचा पासवर्ड दिला, तेव्हा त्याने तो लिहून घ्यायला तीन वेळा पेन शोधलं. आणि मी वाट बघत बसले. मला वाटलं, केनियातल्या बाईची एवढी काळजी करणारी पोरगी आहे, विमा घेईल, ठेव ठेवेल. फार तर सोनं घेईल.

सोमवारी दारात टेम्पो थांबला. चार माणसांनी वर चढवला तो ड्रमसेट होता. जुना, एकोणसाठ हजारांचा. एक मोठा ढोल, तीन लहान, आणि पितळेच्या तबकड्या, ज्यांचा आवाज मेलेल्याला उठवेल.

सून माझ्या तोंडाकडे बघत होती, भूपाल बघत होता, टेम्पोवाला बघत होता. मी आत गेले आणि तांदूळ निवडायला बसले. त्यात एकही खडा नव्हता, तरी दोनदा निवडले.

महिना झाला. फीची सवलत गेली आहे, पूर्ण फी भूपाल भरतो, मला न विचारता. अकरावीचं आत्तापासूनच विचारून ठेवतोय; कॉलेजच्या दोन दारांतून पोरीला परत पाठवलंय, तिसऱ्यात मुलाखत आहे. आणि रोज साडेपाचला वरच्या मजल्यावर जो कडकडाट सुरू होतो, तो गणपती मंदिरापर्यंत ऐकू जातो. बाजारातले लोक मला अडवून सांगतात, "आक्का, यंत्र काय खोटं बोललं नव्हतं बघा. साठ हजार उडवलेच की पोरीनं."

"उडवले," मी म्हणते. "तिचे होते."

काल खोत आले होते. निरंक मुलांची पाहणी करतायत, म्हणाले. चहा घेतला, वहीत लिहिलं, आणि अगदी अदबीने विचारलं, "आक्का, खरं सांगा. त्या सहीचा पश्चात्ताप होतो का?"

वर त्रिशलाने नुकतंच सुरू केलं होतं. कपबशी थरथरत होती. मी जिन्यापाशी गेले आणि वर तोंड करून ओरडले, "त्रिशले, जोरात वाजव गं! साहेबांना खाली नीट ऐकू येत नाही!"